दोन सहस्रांश सेकंद

कनेरगाव नाक्यावर उभं राहिलं की एका हाताला हिंगोली, दुसऱ्या हाताला वाशीम. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य याच भागात संपायचं आणि पलीकडे वऱ्हाड लागायचं. आता मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. अकोल्याहून निघून वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत तेलंगणातल्या संगारेड्डीपर्यंत जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. तो चौपदरी झाला तसा या पट्ट्यातल्या तरुण पोरांचा गाडी चालवण्याचा ढंगच बदलला. पूर्वी वेग खड्डे ठरवायचे, आता उजवं मनगट ठरवतं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघालेलं असतं, हातात थोडा पैसा खेळत असतो, आणि संध्याकाळी पल्सर, अपाची, ड्यूक घेऊन पोरं रस्त्यावर येतात. टाकीवर छाती टेकवून, कोपरं आत घेऊन, पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यावर नजर ठेवून सुसाट निघतात.

या पोरांबद्दल लिहायचं म्हटलं की लेख बहुधा पोलिसांच्या किंवा पालकांच्या बाजूने लिहिला जातो. मला तो पोरांच्या बाजूने लिहायचा आहे. हायवेवर जे चालतं त्याला माझा पाठिंबा नाही. तिथे समोरून उसाची ट्रॉली येते, कडेने म्हातारी माणसं चालतात, आणि मरणारा दरवेळी शर्यत लावणाराच असतो असंही नाही. पण या पोरांना ज्याची ओढ आहे ती गोष्ट अस्सल आहे. तिचं एक घर आहे, तिचे कायदे आहेत, तिची एक मोठी परंपरा आहे. ते घर इथून सुमारे हजार किलोमीटरवर आहे, आणि तिथे नेमकं काय चालतं हे नाक्यावर कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

शर्यत या मुलखाला नवी नाही. वाशीम, हिंगोली, यवतमाळच्या शंकरपटात बैलजोडी घड्याळावर पळते आणि निकाल सेकंदाच्या पॉइंटांत लागतो. एका पॉइंटाने गेलेलं बक्षीस इथली माणसं वर्षभर बोलून दाखवतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या काळात पटासाठी माणसं मुंबई-दिल्लीपर्यंत भांडली. पटाला मैदान आहे, पंच आहेत, नोंदणी आहे, मागे बोलणारी माणसं आहेत. मोटरसायकलच्या नादाला इथे यातलं एकही नाही.

तेव्हा पॉइंटांपासूनच सुरुवात करू. सेकंदाचा अंश म्हणजे काय, हे २००६ सालच्या मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक, अजिंक्यपदाइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसलं असेल. हंगामाच्या शेवटच्या दोन शर्यती उरल्या होत्या. अमेरिकेचा निकी हेडन इटलीच्या व्हॅलेंटिनो रॉसीपेक्षा १२ गुणांनी पुढे होता. पोर्तुगालमध्ये एस्टोरिलला, १५ ऑक्टोबरला, पाचव्याच लॅपमध्ये हेडनच्या स्वतःच्या संघातला दानी पेद्रोसा आत घुसायला गेला, घसरला आणि हेडनला घेऊन वाळूत गेला. हेडनला शून्य. आता रॉसीला मोकळं रान होतं. शेवटच्या लॅपला तो आणि स्पेनचा टोनी एलियास यांची चाकाला चाक लावून झुंज झाली आणि एलियास जिंकला. फरक होता ०.००२ सेकंद. ताशी २५० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी चौदा सेंटिमीटर जाते, म्हणजे वीतभरही नाही.

पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २०. त्या वीतभर अंतरात रॉसीचे ५ गुण गेले. तरी तो ८ गुणांनी पुढे आला होता, त्यामुळे त्या संध्याकाळी कुणाला त्याची फार खंत वाटली नसावी. दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, व्हॅलेन्सियात शेवटची शर्यत झाली. रॉसी सगळ्यांत पुढच्या जागेवरून निघाला, सुरुवातच बिघडली, मागे पडला, आणि पाचव्या लॅपमध्ये त्याची गाडी घसरली. तो उठला, गाडी उभी केली, पुन्हा निघाला आणि तेरावा आला. शर्यत ट्रॉय बेलिसने जिंकली, हेडन तिसरा आला. हंगामाचे गुण मोजले तेव्हा हेडन २५२, रॉसी २४७. फरक बरोबर पाचाचा. एस्टोरिलला रॉसी ती वीत पुढे असता तर दोघांचे गुण समान झाले असते, आणि बरोबरी झाली की जास्त शर्यती जिंकणाऱ्याला किताब मिळतो. रॉसीने त्या वर्षी पाच जिंकल्या होत्या, हेडनने दोन.

मला या गोष्टीत सगळ्यांत मोठा वाटतो तो हेडनचा तिसरा नंबर. रॉसी पडल्याचं कळल्यावर त्याला जिंकण्याची गरज नव्हती आणि तो जिंकायला गेला नाही. पुढचे दोघे त्याने जाऊ दिले. आयुष्यभर पुढच्याला गाठायचं शिकलेल्या माणसाने किताबाच्या दिवशी पुढच्याला जाऊ देणं, हे धाडस हायवेवर शिकता येत नाही.

आता हौशी स्वाराकडे येऊ. हौशी म्हणजे ज्याला गाडी चालवण्याचा पगार मिळत नाही तो. सोमवार ते गुरुवार तो गॅरेजमध्ये, बँकेत, कारखान्यात किंवा बापाच्या दुकानात असतो. रजा टाकतो आणि रेल्वेने किंवा मित्राच्या टेम्पोतून चेन्नईला पोहोचतो. तिथून बंगळूरच्या रस्त्याला श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाई इथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. क्लब १९५३ चा. आधी या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. १९९० मध्ये हा ट्रॅक सुरू झाला. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. दुसरं ठिकाण कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे. रेसिंगसाठी आयुष्य वेचलेल्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा तो ट्रॅक आहे. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या डांबरी शर्यती वर्षानुवर्षं मुख्यतः याच दोन जागी होत आल्या आहेत.

शुक्रवारची सकाळ कागदपत्रांत आणि तपासणीत जाते. देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना एफएमएससीआय. तिचं लायसन्स नसेल तर गेटच्या आत गाडी जात नाही. मग स्क्रूटिनी. हेल्मेट हातात घेऊन त्याचा शिक्का बघतात, पट्टा ओढून बघतात. चामड्याचा एकसंध सूट, पाठीचं कवच, घोट्याच्या वर जाणारे बूट, मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज. गाडीवरचे आरसे, दिवे, स्टँड काढलेले असतात. इंजिन ऑइलच्या नटाला भोक पाडून त्यातून बारीक तार ओवून पिळलेली असते, म्हणजे हादऱ्याने नट सुटला तरी तो गळून पडणार नाही. या तारेपाशी जरा थांबायला हवं. ऑइलचे चार थेंब ट्रॅकवर सांडले तर ते सांडणारा वाचतो, मागून येणारे सात-आठ जण पडतात. म्हणून तपासनीस त्या तारेला बोट लावून ओढून बघतो. स्वतःच्या गाडीतून दुसऱ्याला इजा होऊ नये यासाठी नट बांधायचा, हा या खेळाचा पहिला धडा आहे आणि तो इंजिन सुरू होण्याच्या आधी दिला जातो.

दुपारी सराव. एकाच कंपनीच्या, एकाच बांधणीच्या गाड्यांची शर्यत असेल, म्हणजे ज्याला 'वन-मेक' म्हणतात ती, तर सगळ्यांच्या हातात सारखंच यंत्र असतं आणि फरक फक्त माणसाचा उरतो. चेन्नईच्या ट्रॅकवर मुख्य सरळ पट्टी संपते तिथलं पहिलं उजवं वळण फार वेगात घ्यायचं असतं. नवख्याला ते वळण आहे हेच मनाला पटत नाही. तो गॅस सोडतो आणि तिथेच वेळ घालवतो. जुने स्वार नवख्याला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगतात: नजर जिथे, गाडी तिथे. घाबरून कडेच्या वाळूकडे बघितलं की गाडी वाळूतच जाते. म्हणून वळणात शिरण्याआधीच डोकं वळवून वळणाच्या पोटाकडे आणि तिथून पुढे बघायचं. गुडघ्याला लावलेली प्लॅस्टिकची चकती जमिनीला घासते तेव्हा स्वाराला कळतं की गाडी किती कलली आहे. ती चकती झिजते, बदलावी लागते, आणि हौशी स्वार ती शेवटच्या मिलिमीटरपर्यंत वापरतो.

शनिवारी पात्रता फेरी. ठरावीक मिनिटांत ज्याचा एक लॅप सगळ्यांत कमी वेळात, तो रविवारी सगळ्यांत पुढे. इथेही डोकं लागतं. एकट्याने पळण्यापेक्षा चांगल्या स्वाराच्या मागे लागलं तर त्याने फोडलेल्या हवेत सरळ पट्टीवर वेग वाढतो. पण तोच वळणात चुकला तर आपलाही लॅप जातो. बऱ्याच स्पर्धांत शनिवारी एक आणि रविवारी एक अशा दोन शर्यती असतात. म्हणजे शनिवारी रात्री झोपताना स्वाराला रविवारचं गणित तोंडपाठ असतं.

समजा ती हंगामाची शेवटची शर्यत आहे, तो १२ गुणांनी पुढे आहे आणि गुण मोटोजीपीसारखेच दिले जातात: २५, २०, १६, १३, ११, १०. मागचा जिंकला तर त्याला २५. आपण चौथे आलो तर १३, म्हणजे बरोबरी, आणि मग विजयांची मोजणी. तिसरे आलो तर निर्धास्त. मागचा दुसरा आला तर आपल्याला ९ म्हणजे सातवा नंबरही पुरतो. हा हिशोब करायला दोन मिनिटं लागतात. तो घेऊन गाडीवर बसणं अवघड आहे, कारण वर्षभर ज्याने पुढे राहायचं एवढंच केलं, त्याला आज 'पडू नको' हा एकच हुकूम स्वतःला द्यायचा असतो. आणि पडू नको असं घोकत चालवणारा माणूस ताठ होतो, हातांनी हँडल घट्ट धरतो, आणि नेमका पडतो.

हौशी माणसाच्या पडण्याला आणखी एक बाजू आहे. लो-साइड म्हणजे टायर सुटून गाडी खाली बसते आणि माणूस तिच्यामागून घसरत जातो. बहुतेक वेळा उठून चालतो. हाय-साइडमध्ये घसरलेलं मागचं चाक अचानक पकड घेतं आणि गाडी माणसाला वर फेकते. पहिल्यात क्लचची लिव्हर, फूटपेग, हँडल जातं. दुसऱ्यात गळपट्टीचं हाड. अनेक स्पर्धांत मोडतोडीचा खर्च स्वाराच्या माथी असतो. सोमवारी कामावर जायचं असतं. हात गळ्यात बांधून गॅरेजमध्ये पाना धरता येत नाही. कंपनीचा पगारी स्वार पडला तर कंपनी त्याला दुसरी गाडी देते. हौशी स्वार पडला तर घरी बोलणी होतात आणि पुढचा हंगाम कदाचित होतच नाही. हे सगळं अंगावर घेऊन तो ग्रिडवर उभा राहतो, म्हणून मला हौशी शर्यत पगारी शर्यतीपेक्षा काकणभर जास्त मोलाची वाटते.

हंगामाचा शेवट पावसाळ्यानंतर येतो, आणि चेन्नईत ऑक्टोबरपासून ईशान्येचा पाऊस सुरू होतो. आपल्याकडचा पाऊस संपलेला असतो तेव्हा तिथला लागतो. एखाद्या वळणावर ओल आणि बाकी ट्रॅक कोरडा, असली सकाळ सगळ्यांत वाईट.

रविवार. एक लॅप सावकाश, टायर तापवायला. मग प्रत्येक जण आपापल्या रंगवलेल्या चौकोनात येऊन थांबतो. मार्शल झेंडा घेऊन मागच्या ओळीपर्यंत सगळे जागेवर आहेत का ते बघतो. लाल दिवा लागतो. डाव्या हाताची बोटं क्लच अर्ध्यावर धरून, इंजिन वरच्या सुरात. दिवा विझण्याआधी चाक हललं तर दंड. दिवा विझतो आणि सगळा कळप एकदम त्या पहिल्या वळणाकडे सुटतो. सगळ्यांत जास्त धोका इथेच, कारण सगळे एकत्र आणि टायर अजून पूर्ण तापलेले नाहीत.

पुढच्या लॅपांत स्वाराच्या कानात कुणी बोलत नाही. त्याला बाहेरचं एकच कळतं: सरळ पट्टीवर पिटच्या कठड्यावरून पुढे धरलेली पाटी. पाटी धरणारा बहुधा भाऊ असतो, मित्र असतो, कधी बायको. पाटीवर तीन आकडे: कितवा आहेस, मागचा किती सेकंदांवर आहे, किती लॅप उरले. 'तिसरा, ०.८, ५.' बस. ताशी दीडशेच्या पुढे असताना ती पाटी क्षणभर दिसते आणि त्या क्षणात ठरवायचं असतं, पुढच्या वळणाला दार बंद करायचं की मागच्याला जाऊ द्यायचं. प्रतिस्पर्धी ब्रेकवर आत घुसतो तेव्हा त्याच्या टायरचा वास येतो, कोपराला कोपर लागतं. वळणाआधी कडेला दोनशे मीटरची पाटी, मग शंभराची. जो उशिरा ब्रेक दाबतो तो आधी पोहोचतो, आणि जो फारच उशिरा दाबतो तो वाळूत. किताब हातात असणाऱ्याने इथे आपली जागा सोडून दिली, तर स्टँडमधले काही जण हुर्यो करतात. पाटी धरणारा मात्र समजून असतो.

काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला तरी संपत नाही. गाड्या थेट बंद आवारात जातात, तिथे कुणालाही हात लावता येत नाही. वजन होतं. शंका असेल तर इंजिन उघडून मोजतात. निकालाचा कागद लागतो तो तात्पुरता. हरकतीची मुदत संपेपर्यंत अजिंक्यवीर हा फक्त पहिल्या क्रमांकाचा उमेदवार असतो. घामाने ओला सूट कमरेपर्यंत सोडून तो त्या फळ्यासमोर उभा राहतो.

आणि एक रविवार असाही आला, की जो झालाच नाही. ५ ऑगस्ट २०२३, शनिवार. चेन्नईच्याच ट्रॅकवर राष्ट्रीय मालिकेच्या फेरीत नवोदितांच्या शर्यतीत बंगळूरचा तेरा वर्षांचा श्रेयस हरीश सुरुवातीलाच पहिल्या वळणातून बाहेर पडताना पडला आणि गेला. आयोजकांनी त्या दोन दिवसांच्या उरलेल्या सगळ्या शर्यती रद्द केल्या. ट्रॅक सुरक्षित असतो असं मी कुणाला सांगणार नाही. तिथे अँब्युलन्स हाक मारल्यावर नाही, आधीपासून उभी असते. पिवळा झेंडा पडला की ओव्हरटेक बंद. समोरून ट्रक येत नाही. एवढं सगळं असून एक मूल गेलं. मग यातलं काहीच नसलेल्या चौपदरीवर आपण पोरांना कशाच्या भरवशावर सोडतो?

महाराष्ट्राची गोष्ट इथे मला सारखी टोचते. बजाजच्या मोटरसायकली आपल्याकडे चाकणला आणि वाळूजला बनतात. २००१ साली आलेली पल्सर इथलीच. केटीएम ही ऑस्ट्रियाची कंपनी, मोटोजीपीत पळणारी. तिच्या छोट्या ड्यूक आणि आरसी चाकणमध्ये तयार होऊन जगभर जातात. यंत्र आपण बनवतो आणि त्यावर शर्यत शिकायला पोराला तामिळनाडूत जावं लागतं. तरीही पोरं जातात. पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या एनएसएफ २५०आर टॅलेंट कपमधून पुढे आला आणि शाळकरी वयातच देशातल्या वेगवान स्वारांत गणला जाऊ लागला. हुबळीचा अनीश शेट्टी रॉयल एन्फिल्डच्या काँटिनेंटल जीटी कपमध्ये अव्वल ठरला; २०२१ मध्ये सुरू झालेल्या या कपात ६५० सीसीच्या सारख्या गाड्यांवर सगळे पळतात, आणि पुढे त्यात हौशींसाठी वेगळा गटही आला. केटीएमने २०२३ मध्ये आरसी कप भरवला तोही निवड चाचण्या घेऊन, सामान्य ग्राहकांमधून. चेन्नईत माजी विजेता रजिनी कृष्णन स्वतःची अकादमी चालवतो. दारं आहेत. कनेरगावहून ती दिसत नाहीत, एवढंच.

हुबळीपर्यंत पोहोचलेली गोष्ट हिंगोलीपर्यंत का पोहोचू नये, याचं उत्तर शोधताना मी पुन्हा निकी हेडनपाशी येतो. तो केंटकीतल्या ओवेन्सबोरो नावाच्या गावचा. आजूबाजूला शेती. तिथे डांबरी ट्रॅकवर नाही, मातीच्या लंबगोल मैदानावर तो आणि त्याचे भाऊ शिकले. बाप अर्ल याच मातीत ६९ नंबर लावून पळायचा; पोराने जगज्जेतेपदही त्याच नंबरावर मिळवलं. मातीवर मागचं चाक सतत घसरतं, म्हणून घसरणाऱ्या गाडीची भीती लहानपणीच मोडते. वेग कमी, पडलं तरी लागणं कमी, गाडी साधी.

मातीवरची शर्यत महाराष्ट्राला ठाऊक आहे. राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्या पुण्यात आणि नाशकात झाल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली तेव्हा लोकांनी गर्दी केली. लंबगोल मातीच्या ट्रॅकला त्या उंचवट्यांचीही गरज नाही. हिंगोली-वाशीमच्या गावांना पटाचं मैदान आखता येतं, धूळ बसवायला टँकर मारता येतो, घड्याळ लावता येतं, गर्दीला दोरीमागे ठेवता येतं. वर लागतं ते इतकंच: एफएमएससीआयची परवानगी, जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी, वळणांवर कडब्याच्या किंवा जुन्या टायरच्या भिंती, झेंडे ओळखणारे शिकवलेले मार्शल, सगळ्या सोयींची अँब्युलन्स आणि तिच्यात डॉक्टर, आणि हेल्मेट-कवच नसेल त्याला परत पाठवणारा एक कडक तपासनीस. पुण्या-नाशकाच्या क्लबांना हे काम माहीत आहे. त्यांच्यातल्या कुणाला एका हिवाळ्यात बोलावता येईल. सोयाबीन निघाल्यावर आणि हरभरा वाढत असताना रानं मोकळी असतात, पोरंही. नाक्यावरच्या ज्या पोराला वाटतं की आपल्यासारखा कुणी नाही, त्याला त्या मातीत आठ लॅप पळवावं, वेळ लिहून हातात द्यावी, आणि त्याच्याहून दोन सेकंद कमी लागलेल्या पोराचं नाव वर लिहावं.